शून्य ओळी

नांदुरा
सोमवार, ४ डिसेंबर २०१७

संजूबाई,

सलाम घे, रामराम घे, आणि मग शिव्या घे.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू रडतेस, मी ओरडते आणि मुद्दा राहतो बाजूला. बारावीनंतर तू पुण्याला गेलीस तेव्हाच आपलं ठरलं होतं, की भांडायचं ते कागदावर. अकीलभाईची ट्रॅव्हल्स संध्याकाळी इथून निघते आणि सकाळी पुण्यात पोचते. हे पत्र त्याच्याकडे देतेय, उत्तरही त्याच्याकडेच दे. पोस्टाच्या भरवशावर राहिलो तर वीस तारीख उलटून जाईल.

आता वीस तारखेचं ऐक. या वर्षी बोंडअळीनं काय केलंय ते पुण्यात बसून कळायचं नाही. कपाशीची पऱ्हाटी खांद्याला लागतेय, हिरवीगार, लांबून बघावं तर दृष्ट लागेल. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. जी बीटी अळीला मारणार म्हणून पेरली, तिच्यातच बसून ती जेवतेय. आपल्या वडनेरच्या शिवारात लोकांनी उभ्या कपाशीत ढोरं सोडली. आणि नियम असा आला, की वीस तारखेपर्यंत ज्याची तक्रार ऑनलाइन नोंदवली जाईल, त्याच्याच शेताची पाहणी होईल. नोंद नाही तर पाहणी नाही, आणि पाहणी नाही तर नुकसानच झालं नाही.

म्हणून स्टेशन रोडवरच्या माझ्या सेंटरसमोर सकाळी सातपासून रांग लागते. आणि ती वेबसाईट रोज साडेदहाला मरते. मधेच दुपारी जिवंत होते, दहा-बारा फॉर्म घेते, पुन्हा मरते. वडनेरच्या केसरबाई चार दिवस येतायत, जायचं-यायचं मिळून सोळा किलोमीटर. आज स्क्रीनवरच्या गोल चाकाकडे बघून म्हणाल्या, "जहांआरा, हे चाक तं फिरून राह्यलं, मंग गाडी काऊन जात नाही वो?"

मी काय सांगणार? पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत तुझ्या कंपनीचं नाव आहे. म्हणजे ज्या मुलीला मी आठवीत गणिताच्या पेपरात मागून उत्तर सांगितलं, तिच्याच सर्व्हरनं मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही.

रंगरावकाका दोनदा येऊन गेले. त्यांचा फॉर्म झाला नाही. का झाला नाही ते मला विचारू नकोस, मी सांगणार नाही.

तुझी (अजून तरी)
जहां

---

पुणे
बुधवार, ६ डिसेंबर

जहां,

गणिताच्या पेपरात तू सांगितलेलं उत्तर चुकीचं होतं, तेवढं लक्षात ठेव.

आणि ती वेबसाईट मी बनवलेली नाही, मी फक्त सर्व्हर सांभाळते. स्वयंपाक दुसऱ्यानं करायचा आणि करपला की पातेलं मी घासायचं, अशी माझी नोकरी आहे. पण काय होतंय ते सांगते. तुला कळेल, कारण तू सायकलवाल्याची मुलगी आहेस.

जब्बारचाचांच्या दुकानात भाड्याच्या सायकली असायच्या ना? गिऱ्हाईक आलं की चाचा नवी सायकल बांधायला घेत नसत, तयार असलेली देत. काम झालं की ती परत यायची आणि तीच पुढच्याला जायची. आमच्याकडेही तसंच आहे. तू फॉर्म पाठवलास की सर्व्हरला डेटाबेसशी बोलायला एक जोडणी लागते. दरवेळी नवी जोडणी बांधण्यात वेळ जातो, म्हणून वीस जोडण्या आधीच बांधून ठेवल्या आहेत. त्याला कनेक्शन पूल म्हणतात. वीसच्या वीस बाहेर गेल्या की एकविसावा फॉर्म थांबतो. तीस सेकंदांत कोणी सायकल परत आणली नाही तर त्याला हाकलून देतात. केसरबाईंचं चाक फिरतं ते ही तीस सेकंदं.

एका फॉर्मला खरं तर अर्धा सेकंदही लागत नाही. मग वीस जोडण्या कमी का पडाव्यात? त्या जातात आणि परतच येत नाहीत, असा माझा संशय आहे. हे मी कुलदीप सरांना सांगितलं. आमचे हे साहेब आपल्याच बुलढाण्याचे, पण आता असं बोलतात की सदाशिव पेठेनं दाद द्यावी. घाबरले की मात्र तोंडातून "मले" निघतं. ते म्हणाले, "खेड्यातले ऑपरेटर एकच बटन दहादा दाबतात, दुसरं काय! वीसच्या दोनशे करून टाक." मी म्हटलं, आधी सायकली जातात कुठं ते बघू द्या. तर म्हणे बघायला वेळ नाही. उद्यापासून दोनशे.

तोवर एक कर, बटन एकदाच दाब.

आणि बाबांच्या फॉर्मला अडचण कसली? बीटीच्या पिशवीबरोबर बिनबीटी बियांचं ते छोटं पाकीट येतं ना, रेफ्युजीचं, ते कडेच्या ओळींत पेरा, नाहीतर अळीला बीटी पचायला लागेल, म्हणून जूनमध्ये मी त्यांच्या किती मागे लागले होते! "हाव, पेरलं" असं त्यांनीच मला फोनवर सांगितलं. अख्ख्या वडनेरमध्ये एखाद्याचा फॉर्म बिनचूक असेल तर तो त्यांचा असायला हवा.

संजू

---

नांदुरा
शनिवार, ९ डिसेंबर

संजू,

तुझ्या दोनशेंचा निकाल ऐक. गुरुवारी सकाळी वेबसाईट अशी पळाली की मी अम्मीला म्हटलं, आज संजूच्या नावानं शीरखुर्मा कर. साडेअकराला थांबली. रोज थांबते तशी नाही, मेलीच. कालचा अख्खा दिवस गेला. वीस होत्या तेव्हा दुपारी तरी श्वास घ्यायची.

अब्बांना तुझं पत्र वाचून दाखवलं. सायकलींचा उल्लेख ऐकून खूश झाले, मग दोनशेचा आकडा ऐकून हसायला लागले. "दोनसो सायकली आनल्या तं लावशीन कुठी? रस्ता तं तेवढाच हाय ना बे!" तुझ्या साहेबाला "बे" म्हणाले ते, तुला नाही.

आणि बटन एकदाच दाब म्हणे! संजू, माझ्या सेंटरमध्ये माउसला हात लावायची कुणाला परवानगी नाही. फॉर्म मी स्वतः भरते. एकेक रकाना वाचून दाखवते, उत्तर माणसाच्या तोंडून घेते, भरलेलं पुन्हा वाचून दाखवते आणि मग एकदा, फक्त एकदा, बटन दाबते. दुसरी सेंटरं दिवसाला साठ भरतात, मी तीस भरते. हे तुझ्या साहेबाला त्याच्या पुणेरीत सांग.

काकांचं पुन्हा विचारलंस. मीही पुन्हा सांगते, विचारू नकोस.

जहां

---

पुणे
सोमवार, ११ डिसेंबर

जहांआरा,

हे पत्र लिहायला नको वाटतंय, तरी लिहितेय.

चाचा बरोबर म्हणाले. आमचा डेटाबेस एका वेळी शंभरच जोडण्या घेतो आणि त्याच शंभरात कंपनीच्या इतर वेबसाईटही चालतात. आम्ही दोनशेचा हात पुढे केला आणि सगळ्यांचा रस्ता अडवला. गुरुवारी चार वेबसाईट एकदम पडल्या. कुलदीप सरांना वरून भरपूर ऐकावं लागलं. दिवसभर "मले काय मालूम" चाललं होतं. आता त्यांना कुणाची तरी मान हवी आहे.

मी शनिवार-रविवार नोंदी वाचत बसले. कोणती जोडणी कधी अडकली आणि तिच्यावर शेवटचा फॉर्म कुठून आला, ते एकेक करून काढलं. एकशे चौदा वेळा जोडणी अडकली आहे. त्यातले एकशे नऊ फॉर्म एकाच सेंटरचे आहेत, नंबर ४१.

४१ नंबर तुझा आहे.

जिल्ह्यात पावणेदोनशे सेंटरं आहेत. बाकी सगळ्यांचे मिळून पाच आणि तुझे एकशे नऊ. सरांनी अहवाल तयार केला आहे: "सेंटर क्र. ४१ च्या सदोष वापरामुळे यंत्रणा ठप्प. सेंटर तत्काळ बंद करावे." त्यावर सर्व्हर सांभाळणारी म्हणून माझी सही लागते, गुरुवारपर्यंत.

तू नेमकं काय करतेस? एकाच माणसाचा फॉर्म दोनदा भरतेस का? कुणाच्या भिडेखातर नसलेल्या शेतांचे भरतेस का? असं काही असेल तर मला आत्ताच सांग. मैत्रीण म्हणून विचारतेय. पण आकडे खोटं बोलत नाहीत, जहां.

संजीवनी

---

नांदुरा
मंगळवार, १२ डिसेंबर

संजीवनी मॅडम यांस,

सही कर. पेन नसेल तर अकीलभाईच्या खिशातलं घे.

एकशे नऊ वेळा मी तुमची यंत्रणा पाडली. बरं. त्या एकशे नऊ फॉर्ममध्ये काय लिहिलं होतं ते बघितलंस? आकडे वाचलेस, माणसं वाचायची राहिली. मी सांगते काय लिहिलं होतं, आणि ते सांगण्यासाठी एक शपथ मोडते. पाप तुझ्या माथी.

फॉर्मच्या दुसऱ्या पानावर प्रश्न आहे: "रेफ्युजी बियाणे किती ओळी पेरले?" मी तो वाचून दाखवते. लोक हसतात. कुणीच पेरलेलं नाही, संजू! दुकानदारानं सांगितलं नाही, कुणी समजावलं नाही. कुणी पाकीट बांधावर फेकलं, कुणी कोंबड्यांना घातलं. मग मी विचारते, काय लिहू? ते म्हणतात, नाही पेरलं तर नाही लिही. मी शून्य लिहिते. शून्य लिहून बटन दाबलं की चाक फिरत राहतं आणि फॉर्म जात नाही.

बाकीच्या सेंटरवाल्यांनी यावर दुसऱ्याच दिवशी इलाज काढला. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुनेदनं टाकलं, "शून्य टाकू नका, अटकते. पाच टाका, झटक्यात जाते." तेव्हापासून जिल्हाभर पाच. अर्ध्या जिल्ह्यानं पाच-पाच ओळी पेरल्या म्हणे! उद्या पाहणीला आलेला साहेब वावरात उभा राहून म्हणेल, दाखव तुझ्या पाच ओळी. दाखवता आल्या नाहीत की अर्ज खोटा आणि माणूसही खोटा. अळीवाली बोंडं मग कुणी बघणारसुद्धा नाही. म्हणून मी पाच लिहीत नाही. फॉर्म जात नसेल तर मी रोज नव्यानं शून्य लिहून पाठवते. माझ्यापुरतं अडकतं असं मला वाटत होतं. माझ्या एका शून्यानं सगळ्यांची सायकल अडकते हे तुझ्या पत्रातून कळलं. वाईट वाटलं. पण मी उद्याही शून्यच लिहिणार.

आता शपथेचं. त्या एकशे नऊंत दोन शून्यं तुझ्या बाबांची होती.

त्यांनी ते पाकीट पेरलं नाही, संजू. ते अजून तुमच्या भिंतीतल्या देवळीत आहे, न फोडलेलं. मला म्हणाले, "बिनबीटीचं झाड म्हंजे अळीचं जेवन. आपल्या वावरात आपनच अळीले पंगत घालाव काय, असं वाटलं. पोरीले फोनवर हाव म्हनून देल्लं." मी म्हटलं, काका, शून्यानं फॉर्म जात नाही, सगळे पाच लिहितायत. तर टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "पोरीसंगं एक डाव खोटं बोललो, त्याचंच डोक्शाले वझं हाय. आता कागदावर दुसऱ्यांदा नाही बोलत. शून्य हाय तं शून्यच लिह्य. अन् हे संजूले सांगू नको." दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, पुन्हा शून्य. फॉर्म गेला नाही. टोपी घातली आणि गेले.

अब्बांना विचारलं, की वीस सायकली जातात आणि परत येत नाहीत, तुम्ही काय केलं असतं? ते म्हणाले, "चोर थोडेच असते, बेटा. ज्याची सायकल पंक्चर होते ना, थो वापस येत नाही. धुऱ्याबांधावर टाकून देते अन् घरी जाऊन बसते. पंक्चर कुठी होते ते पाह्य."

बघायचं असेल तर बघ, नाहीतर सही कर.

सेंटर नंबर ४१

---

पुणे
गुरुवार, १४ डिसेंबर

जहां,

माझ्या कानाखाली मारायची असेल तर मी येईन तेव्हा मार, मी गाल पुढे करीन. तुला तसं विचारण्याआधी माझे हात झडले का नाहीत असं झालंय. बाबांच्या गोष्टीवर काल बाथरूममध्ये जाऊन रडले. पेरलं नाही म्हणून नाही. दोन वेळा चालत येऊन, दोन वेळा शून्य सांगूनही दोन्ही वेळा माझ्या सर्व्हरनं त्यांना परत पाठवलं म्हणून.

पंक्चर सापडलं.

हा प्रोग्राम ज्यानं लिहिला त्याला रेफ्युजीचं प्रमाण काढायचं होतं. म्हणून त्यानं बीटीच्या ओळींना रेफ्युजीच्या ओळींनी भागलं. शून्यानं भागता येत नाही, एवढं आपल्याला आठवीत शिकवलं होतं. तिथं प्रोग्राम थबकतो. सर्वात वाईट पुढेच आहे. चूक झाली तर ती गुपचूप गिळून टाकायची असं त्यानं लिहिलंय, म्हणून नोंदीत कुठं चूक दिसतच नव्हती. आणि घेतलेली जोडणी परत ठेवण्याची ओळ भागाकाराच्या नंतर आहे. तिथपर्यंत तो पोचतच नाही. शून्य लिहिणारा प्रत्येक फॉर्म एक सायकल धुऱ्यावर टाकून जातो. वीस शून्यं झाली की जिल्हा बंद. पुढं कधीतरी सर्व्हर स्वतःच अडकलेल्या जोडण्या तोडतो, तेव्हा दुपारचे ते दहा-बारा फॉर्म जातात.

मी त्या मुलाला विचारलं, शून्याचा विचार का केला नाहीस? तो भाबडेपणानं म्हणाला, "पाकिटावर सक्तीचं आहे असं छापलंय ना? मग सगळ्यांनी पेरलंच असणार." त्यानं पाकीट बघितलं होतं, वावर कधीच बघितलं नव्हतं. मी वडनेरची असून तेच केलं की! फोनवरच्या एका "हाव"वर सहा महिने निर्धास्त राहिले.

हे सगळं कुलदीप सरांपुढे मांडलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सगळ्या सेंटरना मेसेज टाकू. शून्य चालणार नाही, कमीत कमी एक लिहा. प्रोग्रामला आता हात लावायचा नाही, वरून परवानगी लागते. दुरुस्ती जानेवारीत." मी म्हटलं, जानेवारीत पऱ्हाटी उपटून चुलीत गेलेली असेल. ते म्हणाले, तो आपला प्रश्न नाही. सर, तुमच्या घरचीही कपाशी आहे ना, असं विचारलं. त्यावर ते फाईल उघडून बसले.

अहवालावर सही केली नाही. माझ्यासमोर फाडला नाहीत तर मी फाडते, असं मी सरांना सांगितलं. त्यांनी तो ड्रॉवरमध्ये ठेवला.

जहां, शनिवारी ऑफिस बंद असतं आणि सर्व्हरच्या चाव्या माझ्याकडे असतात. सकाळी दहाला मी बदल करणार आहे, परवानगी मिळो न मिळो. मोजून चार गोष्टी करायच्या आहेत. शून्य आलं तर भागायचं नाही, शून्यच लिहून घ्यायचं. काम होवो की बिघडो, जोडणी परत ठेवायचीच. पूल पुन्हा वीसचा. आणि कुणी एक मिनिटाच्या वर सायकल ठेवली तर त्याचं नाव नोंदीत यायचं, चाचा बोर्डावर लिहायचे तसं. नोकरी गेली तर मला तुझ्या सेंटरमध्ये ठेव. माउसला हात लावणार नाही.

अकरा वाजता एक फॉर्म पाठवून बघ. शून्यवालाच पाठव.

संजू

---

नांदुरा
बुधवार, २० डिसेंबर, संध्याकाळ

माझी संजू,

शनिवारी अकराला केसरबाईंचा फॉर्म पाठवला. दुसऱ्या पानावर शून्य. बटन दाबलं आणि डोळे मिटून घेतले. केसरबाईच ओरडल्या, "अवं, चाक गेलं!" उघडून बघते तर पोच आली होती, नंबरासकट. त्या बाईनं माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली आणि कॉम्प्युटरच्याही मोडली. त्यातली अर्धी तुझी, येशील तेव्हा घेऊन जा.

त्या एकशे नऊ फॉर्ममागे जेवढी माणसं होती, त्यांचे फॉर्म दोन दिवसांत संपवले. त्यातल्या प्रत्येकाला निरोप धाडून बोलावलं. मग ग्रुपवर मीच लिहिलं: "शून्य जाते. खरं लिहा. पाचवाल्यांनी वीस तारखेच्या आत दुरुस्ती करून घ्या, नाहीतर साहेब ओळी मोजायला येईल." जुनेदनं आधी हसण्याची चित्रं टाकली. संध्याकाळी त्याचा स्वतःचा फोन आला, की आपा, दुरुस्तीचं बटन कुठं आहे? काल आणि आज अशी गर्दी झाली की अब्बा दारात खुर्ची टाकून रांग लावत बसले होते. गुलाबराव म्हणून वडनेरचे मोठे बागाईतदार आहेत, ते गाडीतून उतरले आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "माह्ये पाचाचं शून्य करून दे, पन मोठ्यानं वाचू नको." मी म्हटलं, दादा, इथं सगळ्यांचं मोठ्यानंच वाचते. आणि वाचलं. रांगेतून कुणी हसलं नाही. सगळेच शून्यवाले होते.

रंगरावकाका सोमवारी आले. तुला सगळं कळलंय हे मी त्यांना आधीच सांगून टाकलं. एक क्षण उठून जातात की काय असं वाटलं. पण बसले. मी प्रश्न वाचला, "रेफ्युजी बियाणे किती ओळी पेरले?" त्यांनी रांगेकडे तोंड केलं, ऐकू जाईल असं, आणि म्हणाले, "शून्य. एक बी ओळ नाही. पोरीनं सांगतलं होतं, आयकलं नाही. अन् तरी बी माह्यं नुकसान झालं थे झालंच हाय. दोन्ही लिह्य." दोन्हीचा रकाना फॉर्मला नाही, संजू. शेऱ्यात लिहिलं. पोच हातात घेऊन त्यांनी शून्याच्या जागी बोट ठेवून खात्री केली आणि टोपी घालून गेले.

आज दुपारी पाहणीवाले वडनेरला पोचले. काकांच्या वावरात साहेबानं कागद बघितला आणि विचारलं, रेफ्युजी का नाही पेरली? काकांनी त्यालाच विचारलं, "तुमी आज आले. जूनमधी कोन आलं होतं सांगाले?" साहेबानं बोंडं फोडली. वीसपैकी सतरांत अळी निघाली. पंचनाम्यात सतरा लिहिलं. जे आहे ते सगळं लागलं कागदाला.

सोबत एक चिठ्ठी आणि एक पुडी आहे, काकांनी दिलेली. मी उघडली नाही, शपथ.

आता तुझं सांग. शनिवारपासून तुझं एक अक्षर नाही. अकीलभाई म्हणतो ऑफिसखाली भेटलीस पण काही दिलं नाहीस. काय लपवतेस?

जहां

(सोबतची चिठ्ठी)

संजू,
पाकीट पेरलं नव्हतं. तुले हाव म्हनलो थे खोटं होतं. तुह्याच सर्व्हरनं मले दोन खेपा वापस पाठोलं, म्हनलं बरोबरच हाय, खोट्याले अशीच सजा पाह्यजे. पन तिसऱ्या खेपी बी खरंच लिह्यलं अन् गेलं. पाकीट पाठोतो. फोडलं नाही. आपल्या घरी शून्याले कोनी भ्यायचं नाही.
रंगराव

---

पुणे
शनिवार, २३ डिसेंबर

जहां,

लपवत होते, हो. सोमवारी मला नोटीस मिळाली. विनापरवानगी बदल केला म्हणून चौकशी, आणि चौकशी होईतो सर्व्हरच्या चाव्या जमा. तुमच्या तिथं फॉर्म धडाधड जात होते तेव्हा मी रिकाम्या टेबलाशी बसून होते. तुझ्या आनंदात मिठाचा खडा टाकायचा नव्हता, म्हणून गप्प राहिले. बाबांचीच मुलगी ना, फोनवर हाव म्हणणारी.

बदल मात्र कुणी काढला नाही. काढायची छाती कुणाची नव्हती. शनिवारपासून वीस तारखेपर्यंत एकही जोडणी अडकली नाही. कधी एका वेळी सातच्या वर सायकली बाहेर गेल्या नाहीत. वीससुद्धा जास्त होत्या.

काल कुलदीप सरांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं आणि चक्क आपल्या बोलीत म्हणाले, "पाह्य संजीवनी, तुह्यं काम होऊन जाईन. मीनं फोनवर तोंडी परवानगी देल्ली होती असं लिहून टाक. मी हाव म्हनतो. तू सुटली, मी बी सुटलो." त्यांचा हेतू वाईट नव्हता. घरी त्यांच्या भावानंही पाच लिहिलं होतं आणि शेवटच्या रात्रीतून शून्य करून घेतलं, हेही सांगून गेले. मी त्यांना कडक चहा पाजला आणि विचार करते म्हटलं.

विचार काही केला नाही. खुलाशाचा फॉर्म टेबलावर होता, त्याच्या शेजारी बाबांचं पाकीट. हाताएवढं आहे. त्याच्यावर खरंच छापलंय सक्तीचं म्हणून, इतक्या बारीक अक्षरांत की मला चष्मा लावून वाचावं लागलं. बाबांना सांग, जूनमध्ये मी रजा काढून येतेय, नोकरी असली तरी आणि नसली तरी. कडेच्या ओळी मी स्वतः पेरीन. अळीची पंगत माझ्या हातची. आणि त्यांनी मला खोटं सांगितलं त्याचा मला राग आला होता, अजून थोडा आहे, तेही सांग. आल्यावर भांडू, कागदावर नाही.

खुलाशात पहिला प्रश्न होता, बदल आपण केला का? होय लिहिलं. दुसरा, कारण? तिथं केसरबाईंपासून सुरुवात केली आणि सगळं लिहिलं, तुझा सेंटर नंबर घालून आणि चाचांचं नाव घालून. पान पुरलं नाही तेव्हा मागच्या बाजूला गेले.

शेवटचा रकाना होता, "या बदलासाठी घेतलेल्या परवानग्यांची संख्या." सर दारातून बघत होते. मी शून्य लिहिलं आणि खाली सही केली.

तुझी
संजू